वाघिणीला गंज कसा चढवतात?

हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी आणि ऐकण्यापेक्षा वाचणं आवडणाऱ्यांसाठी हा आजचा भाग लिहून काढलाय. बोलताना मी जिथे अडखळले तेवढं गाळलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट एका वाघिणीची आहे. जंगलातली नाही, रुळांवरची. मालगाडीच्या वॅगनला मराठीत वाघीण म्हणतात. वर्तमानपत्रात कधीतरी 'कोळशाच्या वाघिणी घसरल्या' असा मथळा येतो, तीच ही. माझी वाघीण मात्र फक्त बारा सेंटीमीटर लांब आहे. आपल्याकडची कोळशाची बॉक्सएन वॅगन बघितली असेल तुम्ही, उंच भिंतींची, वरून उघडी, लालसर तपकिरी. ती कपलिंगसकट पावणेअकरा मीटरच्या आत-बाहेर भरते. तिला ८७ने भागलं की माझी वाघीण. या १:८७ मापाला एचओ म्हणतात.

मी छोट्या रेल्वे बनवते. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे लहानपणी काचेला नाक लावून उभी राहिले आणि अडकले ती अडकलेच. पण आज गाडी बनवण्याबद्दल बोलायचं नाही. बनवून झाल्यावर तिला मळवण्याबद्दल बोलायचंय. नव्या कोऱ्या मॉडेलवर गंज, काजळी, तेलाचे डाग, रंगाचे पोपडे, पावसाचे ओघळ असं सगळं मुद्दाम उमटवायचं, की ती वीस वर्षं ऊनपाऊस खाऊन आल्यासारखी दिसली पाहिजे. या कामाला वेदरिंग म्हणतात.

तर माझी पहिली बॉक्सएन बनवून झाली आणि मी तिला गंजवायला बसले. आठवडाभर खपले. पत्र्याला भोकं पडल्यासारखी दाखवली. दाराची कडी तुटकी केली. खाली ब्रेकच्या दांड्यांवर केशरी गंजाचे थर दिले. काय सुंदर दिसत होती! आणि मी ती बाबांना दाखवली.

माझे बाबा दौंडला यार्डात फिटर होते. कॅरेज अँड वॅगन, म्हणजे सी अँड डब्ल्यू. तेहतीस वर्षं मालगाड्यांच्या खाली वाकून काढली त्यांनी. त्यांनी चष्मा लावला, वाघीण हातात घेतली, उलटी करून आधी खालची बाजू बघितली, आणि विचारलं, "ही पास कुणी केली?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे कुठल्या टीएक्सआरने ही गाडीत सोडली? ब्रेकची ही अवस्था, दाराला कडी नाही. अगं, आमच्याकडे ही यार्डाच्या बाहेर पडली नसती. सिक लाइनला गेली असती."

टीएक्सआर म्हणजे ट्रेन एक्झामिनर, गाडी सुटण्याआधी तपासणारा माणूस. आणि बिघडलेल्या वॅगनला रेल्वेत 'सिक' म्हणतात, आजारी. तिच्यावर तसं लिहितात, गाडीतून काढतात आणि दुरुस्तीच्या रुळावर नेतात. ती सिक लाइन. बाबांनी वाघीण टेबलावर ठेवली आणि आत निघून गेले. नंतर आई म्हणाली, "त्यांना लागलं ते. तू त्यांच्या कामाचं असं चित्र काढलंस."

मी कुणाच्या कामाचं चित्र काढलंच नव्हतं, मी नुसता गंज काढला होता. पण तो कुणाच्या तरी कामावर चढलेला असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग मी शोधायला लागले, की चांगल्या चकचकीत खेळण्यांना मळवायची ही कल्पना मुळात आली कुठून?

चकचकीत पत्र्याचे दिवस

सुरुवात युरोपात होते. १८९१ साली जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत रुळांसकट एक अख्खी खेळण्यातली रेल्वे मांडली, ठरावीक मापांची, म्हणजे आज इंजिन घ्या, पुढच्या वाढदिवसाला डबे घ्या, सगळं एकमेकांना जुळणार. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने, ज्याने मेकॅनो काढलं त्यानेच, १९२० साली आपल्या गाड्या बाजारात आणल्या. पत्र्याच्या, चावीच्या, झगझगीत रंगाच्या. १९३८ साली त्यांनी त्याहून लहान मापाची 'हॉर्नबी डब्लो' आणली.

या गाड्यांवर धुळीचा कण नाही. आणि त्यात चूकही काही नव्हतं. खेळणं आहे, वाढदिवसाला उघडायचंय, ते चमकलंच पाहिजे. शिवाय त्या काळच्या इंग्लंडमधल्या खऱ्या वाघिणीही कमी रंगीत नव्हत्या. कोळशाच्या खाणी, कोळशाचे व्यापारी, गॅस कंपन्या, यांच्या स्वतःच्या मालकीच्या वाघिणी असायच्या, लाखोंनी. लाकडी फळ्यांच्या बाजू आणि त्यावर मालकाचं नाव हातभर मोठ्या अक्षरात, सावली वगैरे देऊन. आपल्याकडे ट्रकच्या मागे जशी रंगरंगोटी असते ना, तसलीच हौस. चालती जाहिरातच ती. खेळणी बनवणाऱ्यांना असल्या वाघिणी म्हणजे पर्वणीच होती.

पण खेळण्यातल्या वाघिणीवर नाव कायम ताजं राहायचं. खऱ्या वाघिणीवर एक पावसाळी हिवाळा गेला, चार वेळा कोळसा ओतला गेला, की अक्षरं पुसट व्हायची. फळी तुटली की नवी फळी ठोकायचे, आणि ती रंगवायला कुणाला वेळ असायचा? मग नावाच्या मधोमध एक कोरी फळी. बघणाऱ्याला ते दिसत होतंच. ते मॉडेलवर आणायचं धाडस मात्र फार थोड्यांनी केलं.

दोन जॉन

त्या थोड्यांपैकी दोघांची नावं सांगते. दोघंही जॉन.

पहिला जॉन ॲहर्न. इंग्रज. १९३०च्या दशकाच्या शेवटी त्याने 'मॅडर व्हॅली' नावाची एक काल्पनिक छोटी रेल्वे उभारायला घेतली. तोवर बहुतेकांचं लक्ष इंजिनावर असायचं. रूळ टाकले, इंजिन पळवलं, झालं. ॲहर्नने अख्खं गाव केलं. जुनी घरं, वाकलेली छपरं, गोदी, गल्ल्या. वापरातलं गाव. त्या गावातून धावणारी गाडी नवी कोरी दिसली असती तर ती पाहुणी वाटली असती. त्याने घरं आणि देखावे बनवण्यावर पुस्तकंही लिहिली. ती मॅडर व्हॅली आजही ऑक्सफर्डशायरमधल्या पेंडन संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

दुसरा जॉन ॲलन. अमेरिकन, कॅलिफोर्नियात माँटेरेला राहायचा. धंद्याने फोटोग्राफर. त्याच्या रेल्वेचं नाव 'गोरी अँड डिफीटेड' असं ऐकू येईल असं, म्हणजे रक्तबंबाळ आणि हरलेली! स्पेलिंग मात्र भलतंच, मुद्दाम. माणूस मिश्कील होता. यार्डात डबे ढकलायला त्याने इंजिनाऐवजी एक डायनासोर ठेवला होता. खरंच. एम्मा नावाचा स्टेगोसॉरस.

पण त्याचं खरं काम म्हणजे रंग. त्याने फरशीपासून पार छतापर्यंत डोंगर उभे केले, देखावा लांबवर पसरल्यासारखा वाटावा म्हणून आरसे लपवले, आणि गाड्या अशा मळवल्या की फोटो बघून लोक चक्रावले. फोटोग्राफर असल्यामुळे त्याला एक गोष्ट कळली होती, असं मला वाटतं. कॅमेरा चकाकी बघतो. प्लास्टिक किंवा पितळेवर दिव्याची तिरीप पडली की मॉडेलचं खेळणं होतं. धुळकट, निस्तेज पृष्ठभाग मात्र प्रकाश पसरवून टाकतो, आणि डोळा फसतो. १९५० आणि ६०च्या दशकांत त्याचे फोटो आणि लेख अमेरिकेतल्या 'मॉडेल रेलरोडर' मासिकात यायचे, आणि वेदरिंग करायला हवं हे हजारो लोकांना त्यातून कळलं.

जानेवारी १९७३मध्ये ॲलन गेला. काही दिवसांतच त्याच्या घराला आग लागली आणि ती अख्खी रेल्वे जळाली. आपल्याकडे उरलेत ते बहुतेक फोटोच.

आता तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, हे तर 'स्टार वॉर्स'सारखं झालं. बरोबर! १९७७ साली तो सिनेमा आला तेव्हा लोकांना धक्का याचाच बसला, की अवकाशयानं मळकी आहेत, तेलकट आहेत, ठोकलेली आहेत. त्याआधी पडद्यावरचं भविष्य बहुतेक वेळा धुतल्यासारखं स्वच्छ असायचं. ती यानंसुद्धा मॉडेलच होती आणि त्यांच्यावरही हेच काम केलेलं होतं. रेल्वेवाल्यांना ते त्याआधीच कळलेलं होतं, एवढंच.

इंजिन कोण घासायचं?

इथवर वाचून मला वाटलं, की गोष्ट सरळ आहे. आधीचे लोक भाबडे, नंतरचे हुशार. पण बाबांचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. ही पास कुणी केली? तो प्रश्न घेऊन मी पुन्हा जुने फोटो बघायला लागले, या वेळी खऱ्या गाड्यांचे, आणि चित्र पालटलं.

पहिल्या महायुद्धाआधीची ब्रिटिश प्रवासी इंजिनं बघा. आरशासारखी आहेत. पितळ चमकतंय, रंगावर घासल्याच्या खुणा दिसतायत. म्हणजे १९२०-३०च्या दशकात चकचकीत इंजिन बनवणारा हौशी माणूस खोटं बोलत नव्हता! इंजिन होतंच तसं. का होतं? कारण शेडमध्ये पोरांची फौज होती. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा रेल्वेत लागला की आधी 'क्लीनर' व्हायचा. रात्रभर तेलाच्या चिंध्यांनी इंजिनं पुसायची. मग कित्येक वर्षांनी फायरमन, मग आणखी कित्येक वर्षांनी ड्रायव्हर. ती चमक म्हणजे त्या पोरांची झोप होती.

दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडली. युद्धानंतर इतर नोकऱ्या मिळायला लागल्या, दिवसाच्या, स्वच्छ, बऱ्या पगाराच्या. मग रात्री काजळीत हात घालायला कोण येणार? इंजिनं काळी पडत गेली. १९६०च्या दशकातले फोटो बघितले तर काही इंजिनांचा मूळ रंग हिरवा होता हे सांगावं लागतं. ११ ऑगस्ट १९६८ला ब्रिटिश रेल्वेची वाफेवरची शेवटची मुख्य मार्गावरची गाडी धावली, आणि हे पर्व संपलं. तो काळ पोरवयात बघितलेल्यांनी नंतर मॉडेलं बनवली, ती मळकी बनवली. कारण त्यांनी बघितलेली रेल्वे मळकीच होती.

म्हणजे मळ हा फक्त हवामानाचा परिणाम नाही. कुणाला कामावर ठेवलं होतं, किती पगारावर, आणि कुणी ते काम सोडून दिलं, याची ती नोंद आहे. इंजिनावर किती काजळी द्यायची हा रंगाचा प्रश्न वाटतो, पण आधी साल विचारावं लागतं. १९१०चं इंजिन काळंकुट्ट दाखवलं तर चूक, आणि १९६६चं चकचकीत दाखवलं तरी बहुतेक वेळा चूकच.

कोळशाची राखाडी वाघीण

वाघिणींची गोष्ट वेगळी. इंजिनाला लाड करणारं कुणीतरी होतं, वाघिणीला कधीच नव्हतं. तिला आंघोळ घालायचा तो फक्त पाऊस.

१९३९मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनमधल्या त्या रंगीबेरंगी खासगी वाघिणी सरकारने एकत्र केल्या. ज्याला लागेल त्याने वापरायच्या, नाव कुणाचंही असो. १९४८ला रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्या सरकारजमा झाल्या. त्यांच्या क्रमांकांच्या आधी 'पी' हे अक्षर आलं. नावं परत रंगवायचं कारणच उरलं नाही. पावसाने ती हळूहळू खाल्ली.

त्यांच्या जागी लोखंडी पत्र्याची सोळा टनी वाघीण आली. चार चाकं, राखाडी रंग, बाजूवर एक तिरकी पांढरी पट्टी. ही पट्टी शोभेची नाही बरं का. वाघिणीच्या एका टोकाला दार असायचं. वाघीणच उचलून तिरकी करायची आणि त्या दारातून कोळसा ओतायचा. दार कुठल्या टोकाला आहे हे लांबून कळावं म्हणून ती पट्टी. अशा दोन लाखांहून जास्त वाघिणी बनल्या, आणि वेदरिंग करणाऱ्यांची ही सगळ्यात लाडकी. कारण ती फार सुंदर गंजायची! कोळशात गंधक असतं. ओला कोळसा पत्र्याला लागून राहिला की आम्लधर्मी पाणी झिरपतं, आणि पत्रा आतून कुजतो. गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडायचे, म्हणून एकाच वाघिणीवर तीन रंगांची ठिगळं.

आता याच्या पुढचं ऐका. ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसा खाण, यॉर्कशायरमधली केलिंग्ली, डिसेंबर २०१५मध्ये बंद झाली. कोळशावर चालणारं तिथलं शेवटचं वीज केंद्र, रॅटक्लिफ, ३० सप्टेंबर २०२४ला बंद झालं. म्हणजे कोळशाच्या वाघिणीचा गंज आज तिथे कुणी टेबलावर रंगवत असेल, तर तो बाहेर जाऊन बघता येत नाही. खाण गेली, वाघीण गेली, खाणीतलं गाव बदललं. टेबलावरची काळी धूळ तेवढी राहिली. हवा स्वच्छ झाली हे चांगलंच झालं. पण ज्यांच्या आजोबांनी तो कोळसा काढला, त्यांच्यासाठी ती धूळ म्हणजे नुसती धूळ नाही.

गंज आणि गेरू एकाच घरचे

थोडं रसायनशास्त्र, घाबरू नका. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज होतो. मीठ असेल तर आणखी लवकर, म्हणून कोकणातल्या माणसाला खिडकीच्या गजांबद्दल काही सांगावं लागत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. रंगाखाली तो फुगतो, रंगाला फोड येतात, फोड फुटून पोपडे निघतात, आणि आत आणखी पाणी शिरतं.

रंगाच्या डबीतला गंज मात्र खोटा नसतो! चित्रकारांचा 'बर्न्ट सिएना' म्हणजे लोहाचं ऑक्साइड असलेली भाजलेली माती. आपला गेरू, तुळशीवृंदावनाला लावतो तो, वारली चित्रांच्या भिंतीवर असतो तो, त्याच कुळातला. आणि गेट किंवा ग्रिलला आधी जो लाल हात देतो तो 'रेड ऑक्साइड'? तेही लोहाचं ऑक्साइडच. म्हणजे गंजू नये म्हणून आपण लोखंडाला गंजाच्याच भावंडाने रंगवतो.

आता कृती. तीन सांगते, घरातल्या सामानात होतील अशा.

पहिली मिठाची. मॉडेलला आधी गंजाचा तपकिरी रंग द्या, वाळू द्या. मग जिथे गंज हवाय तिथे पाण्याचा हात लावून जाडं मीठ चिकटवा. वाळलं की वरून वाघिणीचा खरा रंग फवारा. तोही वाळला की मीठ ब्रशने झाडून टाका. मिठाखालचा गंज उघडा पडतो, वेड्यावाकड्या कडांचा. खऱ्या लोखंडाला मीठ गंजवतं, आणि खोट्यालाही मीठच.

दुसरी हेअरस्प्रेची. गंजाच्या रंगावर हेअरस्प्रे मारायचा, वाळला की वरून ॲक्रिलिक रंग. तासाभराने ओल्या ब्रशने हलकेच घासायचं. हेअरस्प्रे पाण्यात विरघळतो, आणि वरचा रंग पोपड्यासारखा सुटतो. मीठ आधीच जागा ठरवतं, इथे मात्र ब्रश फिरवताना तुम्ही ठरवता. जिथे माणसाचा हात लागतो, बूट घासतो, तिथेच रंग उडवायचा.

तिसरी ओघळाची. तेलरंगाचा बारीकसा ठिपका खिळ्याच्या खाली ठेवायचा आणि टर्पेंटाइनमध्ये बुडवून जवळजवळ कोरड्या केलेल्या ब्रशने खाली ओढायचा. फक्त खालीच. पाणी कधी वर चढत नाही, हे नवशिक्यांच्या मॉडेलवर विसरलेलं दिसतं.

आणि एक माप कायम लक्षात ठेवायचं. १:८७ला एक मिलिमीटरचा डाग म्हणजे खऱ्या वाघिणीवर जवळजवळ नऊ सेंटीमीटर. माझ्या पहिल्या वाघिणीवर तीन-तीन मिलिमीटरची भोकं होती. म्हणजे खऱ्या पत्र्यात सव्वीस सेंटीमीटर! त्यातून ढेकळंच्या ढेकळं रुळावर पडली असती. बाबांना ते एका नजरेत कळलं. मला गणित करावं लागलं.

मार्टिन वेल्च या इंग्रज कारागिराचं 'द आर्ट ऑफ वेदरिंग' नावाचं पुस्तक १९९०च्या दशकात आलं. तिकडच्या हौशी लोकांत ते अजून मानतात. त्यातून मी एक गोष्ट घेतली. रंगाच्या आधी खरी वाघीण बघायची, आणि प्रत्येक डागाला विचारायचं, तू इथे का आहेस?

पुन्हा दौंड

मग मी बाबांकडे गेले. "बाबा, मला खरी वाघीण समजावून सांगा." ते दोन दिवस टाळत राहिले. तिसऱ्या दिवशी स्वतःच वही घेऊन बसले.

ते जे बोलले त्यातलं थोडं सांगते. बॉक्सएनमध्ये साधारण ५८ टन कोळसा बसतो. वीज केंद्रात तिला टिपलरवर घेतात, म्हणजे यंत्र तिला पकडून रुळाच्या तुकड्यासकट गोल फिरवतं आणि ओततं. म्हणून वरच्या कडेला पकडीचे पोचे. काही ठिकाणी मशीनचा पंजा आत घालून माल उकरतात, म्हणून बाजूचे पत्रे आतून बाहेर फुगलेले. बाजूंवर गंज कमी आणि कोळशाची काळी पूड जास्त. आतल्या तळाला मात्र पत्रा घासून पांढरा झालेला, आणि एक पाऊस पडला की त्यावर ताजा केशरी गंज. ताजा गंज केशरी, जुना गंज काळपट तपकिरी, दोन्ही एकाच जागी नसतात. नंतरच्या बॉक्सएनएचएलसारख्या प्रकारांत पेटी स्टेनलेस स्टीलची आली. तिच्या बाजूंवर केशरी गंज दाखवणं म्हणजे अज्ञान दाखवणं. चाकाची रुळावर टेकणारी कड आरशासारखी, कारण ती रोज घासली जाते. बाकी चाकावर ब्रेकची तपकिरी धूळ.

"आणि ब्रेक?" मी विचारलं.

"ब्रेकला हात लागलेला असतो," बाबा म्हणाले. "तो गंजका दाखवू नकोस. धूळ दाखव, वंगण दाखव, नवा पिन बसवलेला दाखव. पत्रा कुजला तर कोळसा सांडेल. ब्रेक कुजला तर माणसं मरतील. आम्ही बघायचो ते खालचं."

मी पहिल्या वाघिणीत ज्या जागी सगळ्यात जास्त गंज ओतला होता, ती नेमकी त्यांची जागा होती. रात्री टॉर्च घेऊन ते तिथेच वाकलेले असायचे, भर पावसात. आणि मी ती जागा बेवारस दाखवली होती.

गंज बघायला आपल्याला आवडतं. जुनी, मोडकी, पडीक गोष्ट फोटोत छान येते, लाईक मिळतात. पण पडीक आणि वापरातलं यात फरक असतो. पडीक वस्तूवरचा गंज सगळीकडे सारखा पसरतो, कारण तिच्याकडे कुणी बघत नाही. वापरातल्या वस्तूवर गंज आणि दुरुस्ती शेजारी शेजारी असतात. इथे डाग, तिथे ठिगळ, इथे धूळ, तिथे ताजं वंगण. इंग्लंडमधल्या त्या फळीच्या वाघिणीवर मधोमध कोरी फळी होती, आठवतंय? मला आधी ती मोडकेपणाची खूण वाटली होती. ती दुरुस्तीची खूण होती. कुणीतरी हातोडी घेऊन आला होता.

दुसरी वाघीण बनवायला मला तीन महिने लागले. गंज निम्म्याहून कमी. बाजूंना कोळशाची पूड, कोपऱ्यांत ओघळ, वरच्या कडेला दोन पोचे. खाली ब्रेकच्या दांड्यांवर धूळ आणि एका पिनेवर चांदीच्या रंगाचा एकच ठिपका, सुईच्या टोकाने दिलेला. लांबून तो दिसतसुद्धा नाही.

बाबांनी परत चष्मा लावला. परत आधी उलटी केली. बराच वेळ बघत राहिले. मग सरळ केली, बाजूवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे तारीख कुठाय?"

वाघीण मोठ्या दुरुस्तीला गेली की कुठल्या कारखान्यात झाली, कधी झाली आणि परत कधी यायचं, हे तिच्या अंगावर रंगवतात. ती तारीख उलटली की तिला परत बोलवायचं. माझ्या मापाला ती अक्षरं अर्ध्या मिलिमीटरची. मी म्हटलं, "बाबा, एवढं बारीक कुणाला दिसणार आहे?"

"मला," ते म्हणाले.

आता ती तारीख लिहायचं काम सुरू आहे. तीनदा पुसली. हात थरथरतो, श्वास रोखून धरावा लागतो. भिंग घेऊन बाबा शेजारी बसतात आणि आकडा वाकडा आला की "परत" एवढंच म्हणतात.

तुम्हाला एक काम देते. पुढच्या वेळी फलाटावर गाडीची वाट बघत असाल आणि शेजारच्या रुळावरून मालगाडी गेली, तर दोन मिनिटं फोन खिशात ठेवा. पिवळ्या रेषेच्या मागेच उभे राहा, पण बघा. आधी गंज दिसेल. मग ठिगळ शोधा, मग तारीख शोधा. काय दिसलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.